पाचशे तास भरले. हात बसला का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डी. फार्म., म्हणजे औषधनिर्माणशास्त्राची पदविका, झालेल्या विद्यार्थ्याला फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होण्यापूर्वी प्रात्यक्षिक प्रशिक्षण घ्यावे लागते. नियम सोपा आहे. किमान तीन महिन्यांत मिळून ५०० तास, आणि त्यातले निदान २५० तास डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून प्रत्यक्ष औषध देण्यात गेले पाहिजेत. चिठ्ठी वाचणे, डोस तपासणे, औषधांची साठवण, कायद्याने लागणाऱ्या नोंदी, हे सगळे त्याने करून शिकायचे असेही नियमात आहे. तेव्हा नियमाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती हिशेबाबद्दल. हे ५०० तास फक्त घड्याळाने मोजले जातात. नोंदवही असली तरी तिच्यात बहुधा तारीख, वेळ आणि सही एवढेच असते. मेडिकलचा किंवा रुग्णालयाचा शिक्का बसला की प्रशिक्षण झाले.

त्या तासांत मुलाच्या वाट्याला काय येते, हे कुठल्याही मेडिकलच्या काउंटरसमोर दहा मिनिटे उभे राहिल्यास दिसते. आलेला माल बिलाशी ताडून लावणे, मुदत संपत आलेली औषधे पुढे घेणे, संगणकावर बिल करणे, कपाटातून औषध काढून वरिष्ठाच्या हातात देणे. ही कामेही शिकायचीच आहेत, त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अंगवळणी पडतात. पुढचे दोन महिने तो तेच करतो. रुग्णाशी बोलायची वेळ आली की वरिष्ठ पुढे होतो, आणि तोही गर्दीत ‘सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर’ एवढेच सांगून मोकळा होतो.

‘औषध देणे’ म्हणजे नक्की काय, हे दम्याच्या रुग्णाकडे पाहून कळते. कोरड्या पावडरीच्या कॅप्सूल आणि त्या फिरवून फोडायचे साधन, म्हणजे रोटाहेलर, आपल्याकडे घरोघरी आहे. कॅप्सूल तोंडाने गिळणारे रुग्णही आहेत, कारण कॅप्सूल गिळायची असते हेच त्यांना आयुष्यभर माहीत. दम थांबत नाही म्हणून ते पुन्हा डॉक्टरकडे जातात आणि औषध वाढवून घेऊन येतात. रोटाहेलर उभा धरून कॅप्सूलचे पारदर्शक टोक खाली करून चौकोनी भोकात बसवायचे, खालचा भाग अडेपर्यंत फिरवायचा, मग साधन आडवे धरायचे. श्वास आधी बाहेर सोडायचा, पण साधनात नव्हे. साधनात फुंकले की पावडर उडून जाते, शिवाय ओलसर होऊन चिकटते. मग ओठ घट्ट मिटून जोरात आणि खोल ओढायचे, दहा आकडे श्वास रोखायचा आणि साधन उघडून कॅप्सूलच्या कवचात पावडर उरली आहे का ते पाहायचे. उरली असेल तर पुन्हा ओढायचे.

दाबायच्या पंपाचे उलटे आहे. तो हलवून घ्यायचा, श्वास हळू ओढायला सुरुवात करतानाच एकदा दाबायचा आणि ओढत राहायचे. दुसरा पफ घ्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबायचे. एका साधनाला जोर लागतो, दुसऱ्याला संथपणा; रोटाहेलरची सवय लागलेला माणूस पंपही जोरात ओढतो आणि औषध घशावर आपटते. स्टेरॉइड असेल तर शेवटी चूळ भरून थुंकायचे, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

हे सगळे पुस्तकात आहे. २०२० च्या नव्या अभ्यासक्रमात हॉस्पिटल व क्लिनिकल फार्मसीच्या जोडीला कम्युनिटी फार्मसी हा विषयही दुसऱ्या वर्षाला आला, हे चांगलेच झाले. विद्यार्थी पायऱ्या धडाधड म्हणून दाखवतो. अडते कुठे? समोर सत्तर वर्षांच्या आजी असतात, बोटे वाकडी, दात नाहीत, ओठ मिटत नाहीत. सांगून झाल्यावर मुलगा विचारतो, ‘समजलं ना आजी?’ आजी म्हणतात, ‘हो बाळा.’ हे ‘हो’ कामाचे नाही. विचारायचे असते ते ‘आता तुम्ही मला करून दाखवा.’ हे वाक्य तोंडात बसायला वीस-पंचवीस रुग्ण लागतात, आणि पहिल्या दहा वेळा ते उच्चारायची लाज वाटते. प्रशिक्षण लागते ते नेमके याच्यासाठी.

लहान मुलांच्या औषधांत तर आकडेमोडच असते. दहा किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅमप्रमाणे १५० मिलिग्रॅम लागते. एका मिलिलीटरला १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर दीड मिलि. पाच मिलिला १२५ चे सिरप असेल तर सहा मिलि, आणि २५० चे असेल तर तीन मिलि. तिन्ही बाटल्या एकाच फळीवर, शेजारी-शेजारी. चिठ्ठीत १२५ चे सिरप आहे, दुकानात २५० चे उरले आहे, ते दिले आणि मिलि तेवढेच सांगितले की बाळाला दुप्पट औषध गेले. ड्रॉप्स सिरप समजून एक चमचा पाजले तर ५०० मिलिग्रॅम. म्हणून मात्रा मिलिग्रॅममध्ये काढायची, मिलिमध्ये सांगायची आणि बाटलीबरोबर आलेल्या मापावर बोट ठेवून दाखवायची. स्वयंपाकघरातला चमचा तीन मिलिचाही असतो आणि सातचाही.

ड्राय सिरपचेही तसेच. बाटली आधी टिचक्या मारून पावडर मोकळी करायची, उकळून गार केलेले पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घालून हलवायचे, फेस बसू द्यायचा आणि मग खुणेपर्यंत भरायचे. एकदम खुणेपर्यंत भरले तर फेस विरल्यावर पातळी खाली जाते आणि औषध गरजेपेक्षा दाट होते. गरम पाणी घातले तर अँटिबायोटिकच खराब होते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटसारखे सिरप कालवल्यावर फ्रिजमध्ये सात दिवस. आता हिशेब पाहा. पाच मिलि दिवसातून दोनदा, पाच दिवस, म्हणजे ५० मिलि. बाटली ३० मिलिची. तिसऱ्या दिवशी बाटली संपते, ताप उतरलेला असतो, आई औषध संपले असे समजते. दोन बाटल्या द्यायच्या आणि ‘दुसरी चौथ्या दिवशी कालवा’ असे सांगायचे, हे काउंटरवर सुचले पाहिजे. परीक्षेच्या पर्यायी प्रश्नांत ते तपासता येत नाही.

इन्सुलिनबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण इथली चूक जिवावर बेतते. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रतिमिलिचे आणि पेनमधले १०० चे. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. रुग्णाला २० युनिट घ्यायचे आहेत आणि त्याने १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर अर्धा मिलि म्हणजे ५० युनिट जातात. अडीचपट. उलट झाले, ४० चे इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये, तर २० च्या जागी ८ युनिटच जातात आणि साखर का उतरत नाही याचा शोध सुरू होतो. पहिली चूक बहुधा पेन बिघडल्यावर घडते. घरात पेनचे १०० चे कार्ट्रिज पडून असते आणि सिरिंज जुनीच. सिरिंज मागायला आलेल्या माणसाला ‘इन्सुलिन कुठले?’ हा एकच प्रश्न विचारायचा असतो. तो न विचारता सिरिंज पुढे सरकवली जाते, कारण सिरिंज हा बिलातला सर्वांत किरकोळ माल.

पेन वापरणाऱ्याला दर वेळी दोन युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाला थेंब दिसतो का ते पाहायला शिकवायचे. मुळातच गढूळ दिसणाऱ्या प्रकारचे इन्सुलिन तळहातांत दहा वेळा फिरवायचे, घुसळायचे नाही. बटण दाबल्यावर दहा मोजून मग सुई काढायची, नाहीतर थेंब बाहेरच राहतो. टोचायची जागा रोज बदलायची. एकाच जागी टोचून गाठ झाली असेल तर तिथे औषध नीट शोषले जात नाही. गाठ आहे का, हे मात्र हात लावूनच कळते, आणि त्यासाठी रुग्णाशी तेवढे बोलणे झालेले असावे लागते.

आता रुग्णालयाकडे वळू. फार्मडीचा, म्हणजे ‘डॉक्टर ऑफ फार्मसी’ या पदवीचा, सहा वर्षांचा अभ्यासक्रम देशात २००८ मध्ये आला. शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे: सहा महिने जनरल मेडिसिन आणि इतर तीन विभागांत दोन-दोन महिने. त्यासाठी ३०० खाटांचे रुग्णालय जोडलेले लागते. तास इथे कमी नाहीत. अडचण अशी की वॉर्डात विद्यार्थी डॉक्टरांच्या राउंडच्या शेपटाला उभा असतो, केसपेपर उतरवून घेतो आणि कॉलेजात जाऊन त्याचे सादरीकरण करतो. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो.

एक साधे उदाहरण पाहू. बहात्तर वर्षांची बाई, वजन ४५ किलो, रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी तपासणी) १.२. रिपोर्टवर नजर टाकणाऱ्याला १.२ म्हणजे ठीकच वाटते. पण (१४० वजा वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), आणि बाई म्हणून ०.८५ ने गुणले की क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची गती, मिनिटाला जेमतेम ३० मिलि येतो. चार्टवर लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ७५० मिलिग्रॅम रोज असेल तर या क्लिअरन्सला तो डोस एक दिवसाआड द्यायचा असतो. आकडेमोड दोन मिनिटांची. ती त्याच सकाळी, दुसरा डोस जाण्याआधी झाली तर उपयोग. विद्यार्थ्याने केसपेपरवर काहीही लिहायचे नाही, नातेवाइकांपुढे बोलायचे नाही. आपल्या मार्गदर्शक फार्मासिस्टला सांगायचे आणि त्याने डॉक्टरांना विचारायचे: ‘क्लिअरन्स ३० येतोय, ४८ तासांनी करू या का?’ डॉक्टर हो म्हणतील, किंवा नाही म्हणण्याचे कारण सांगतील. दोन्ही नोंदवहीत लिहायचे. नाही म्हणण्याचे कारण तर आवर्जून, कारण तेच पुस्तकात सापडत नाही.

ज्या रुग्णांना नाकातून नळी आहे त्यांच्या गोळ्या कशा कुटल्या जातात, हे विद्यार्थ्याने एकदा तरी खलबत्त्याशेजारी उभे राहून पाहावे. आम्लपित्तावरच्या पँटोप्राझोलची गोळी कुटली की वरचे आवरण गेले, औषध जठरातल्या आम्लात नष्ट. एसआर किंवा एक्सएल लिहिलेली, औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम सुटतो. फिट्सवरचे फेनिटॉइन नळीतल्या आहाराबरोबर दिले की नीट शोषले जात नाही. आधी आणि नंतर तास-दोन तास आहार थांबवावा लागतो. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून एकाच पाण्यात कालवल्या की नळी तुंबते, आणि नळी बदलण्याचा त्रास पुन्हा सिस्टरांनाच. प्रत्येक औषध वेगळे द्यायचे, मध्ये १५ ते ३० मिलि पाणी सोडायचे. आवरण नसलेली पर्यायी गोळी किंवा सिरप मिळते का, हे शोधणे फार्मासिस्टचे काम.

सलाइनमध्ये घालायच्या औषधांचेही असेच. फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये घातले की साका धरतो, ते नॉर्मल सलाइनमध्येच. बुरशीवरचे अँफोटेरिसिन बी याच्या अगदी उलट, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक एक ग्रॅम निदान २०० मिलिमध्ये आणि एका तासापेक्षा कमी वेळात नाही. घाई केली की रुग्ण मानेपासून लालबुंद होतो आणि ‘अ‍ॅलर्जी आहे’ असा शेरा केसपेपरवर कायमचा बसतो. पोटॅशियम क्लोराइडची दहा मिलिची अँप्यूल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. ती थेट शिरेत कधीच नाही, आणि बाटलीत घातल्यावर बाटली आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची. नाहीतर जड द्रव तोंडाशी बसतो आणि सुरुवातीलाच एकवटून जातो. हे शब्दांनी कळत नाही, म्हणून कॉलेजात पाण्याच्या बाटलीत रंगीत दाट द्रव सोडून दाखवावे. पाच मिनिटांचा प्रयोग आहे.

औषधाचा दुष्परिणाम नोंदवणे हीही शिकायची गोष्ट. देशात फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याचा, कार्यक्रम २०१० पासून आहे, १८००-१८०-३०२४ हा नि:शुल्क क्रमांक आहे. फॉर्मला रुग्णाची आद्याक्षरे, वय, काय झाले, कधी झाले, कुठल्या औषधाने झाले असा संशय आणि कळवणाऱ्याचे नाव एवढे असले तरी पुरते. संशय पुरेसा असतो, पुरावा लागत नाही, हेच मुलांना कुणी सांगत नाही.

हे घडवून आणायला नवी इमारत नको. पहिले दोन आठवडे कॉलेजातच घालवावेत. औषधाविना असलेले सरावाचे पंप, रिकामी रोटाहेलर साधने, दोन्ही प्रकारच्या सिरिंज आणि रंगीत पाणी, स्पंजचा तुकडा, ड्राय सिरपच्या विकत घेतलेल्या काही बाटल्या. त्यांवर लाल शाईने ‘सरावासाठी’ असे लिहून त्या विक्रीच्या मालापासून लांब ठेवाव्यात. मग जिल्हा रुग्णालय किंवा ग्रामीण रुग्णालय. ओपीडीच्या औषधखिडकीवर गर्दीच्या वेळी शिकवणे होत नाही, कुणी मनावर घेतले तरी नाही. म्हणून खिडकीशेजारी एक टेबल टाकावे आणि तिथे तीनच प्रकारचे रुग्ण पाठवावेत: पंपवाले, इन्सुलिनवाले आणि लहान मुलांचे सिरप घेतलेले. एका फार्मासिस्टमागे दोन विद्यार्थी, फार तर तीन. पाच रुग्ण नुसते पाहायचे, पुढचे स्वतः करायचे, मार्गदर्शकाने गप्प बसून पायऱ्यांच्या यादीवर खुणा करायच्या. गुण विद्यार्थ्याच्या बोलण्याला नकोत. रुग्णाने करून दाखवलेली कृती बरोबर आली तरच खूण.

खिडकीवर एक बारीक गोष्टही शिकवता येते. पट्टी कापून गोळ्या देताना मुदतीची तारीख आणि बॅच नंबर असलेला भाग शेवटपर्यंत राखायचा, कापायला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायची. नाहीतर उरलेल्या चार गोळ्या कुठल्या आणि कधीपर्यंतच्या, हे ना दुकानाला कळते ना रुग्णाला.

मेडिकलवाल्यांची बाजूही खरी आहे. शिकवायचा वेळ त्यांना कुणी देत नाही आणि चूक झाली तर परवाना त्यांचा. विद्यार्थ्याची अजून नोंदणी झालेली नसते, त्यामुळे चिठ्ठीवरचे प्रत्येक औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच गेले पाहिजे. म्हणून दुपारी दोन ते पाचची मंद वेळ शिकवण्यासाठी ठरवून घ्यावी. शेड्यूल एच-१ च्या (ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्या औषधांच्या) रजिस्टरची आठवडाभराची पाने विद्यार्थ्याने लिहावीत: डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध, नग. ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते, तेव्हा अक्षरही वाचता येईल असेच हवे. कॉलेजने मार्गदर्शकाला मानधन द्यावे आणि त्याआधी एक दिवसाचे प्रशिक्षण. ज्या दुकानात फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर नसतो, तिथे विद्यार्थी पाठवूच नयेत. असे केल्यास काही कॉलेजांची यादी बरीच आखूड होईल, याची आम्हाला कल्पना आहे.

बी. फार्म. या पदवीच्या प्रशिक्षणाच्या १५० तासांबद्दल फार लिहीत नाही. ते बहुतेक कारखान्यांत जातात आणि ज्यांना तिकडेच जायचे आहे त्यांनी तिकडे जावे. ज्यांना काउंटरवर किंवा वॉर्डात उभे राहायचे आहे त्यांना तसा पर्याय कॉलेजने खुला ठेवावा. नियमात रुग्णालय आणि औषध दुकान दोन्ही बसतात.

फार्मसी कौन्सिल आणि तंत्रशिक्षण मंडळाकडे मागणी अशी. प्रशिक्षणाच्या दाखल्याला कामांची नोंदवही जोडणे सक्तीचे करावे. आकडे तज्ज्ञांनी ठरवावेत, चर्चेसाठी आमचे देतो: पंपाची २० प्रात्यक्षिके, इन्सुलिनची १०, ड्राय सिरपची १५, मिलिग्रॅममध्ये डोस तपासलेल्या ५० चिठ्ठ्या, क्लिअरन्सची १० गणिते, दुष्परिणामाचे दोन फॉर्म. रुग्णाचे नाव नको, केस क्रमांकही नको. वय, औषध, काय चुकत होते आणि शेवटी बरोबर आले का, एवढेच. प्रत्येक ओळीपुढे त्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या फार्मासिस्टची सही आणि नोंदणी क्रमांक असावा. तीन महिन्यांच्या अखेरीला एकाच पेनने, एकाच बैठकीत केलेल्या सह्या तपासणाऱ्याला ओळखता येतात. अशी वही परत पाठवावी.

आपले विश्वासू,
औषधनिर्माणशास्त्राचे काही अध्यापक आणि रुग्णालयीन फार्मासिस्ट